बिनखिशाचे झगे

भक्तमंडळात खिशाला बंदी होती. माणसाने स्वतःजवळ काही बाळगू नये, असा थोरल्यांचा, म्हणजे मंडळाच्या प्रमुखांचा नियम. बावीस वर्षं काकू सगळ्यांचे राखाडी झगे शिवत आल्या, पण एकालाही कधी खिसा लावला नाही. रुमाल बाहीत खोचायचा. शिंकताना तो पडला, तर देवाची मर्जी.

दुसरा नियम त्याहून कडक. मंडळ सोडून गेलेल्यांशी बोलायचं नाही. काकूंची एकुलती एक मुलगी सहा वर्षांपूर्वी मंडळ सोडून गेली आणि बसने तीन स्टॉपवर संसार थाटून बसली. काकूंनी नियम पाळला. नात झाल्याचं त्यांना दूधवाल्याकडून कळलं. त्या दिवशी त्या मशीन चालवत राहिल्या, पण एक टीप सरळ पडेल तर शपथ.

अशातच थोरल्यांचा झगा सैल करायला आला. पोट सुटलं होतं. उपवासांचा परिणाम असावा. काकूंनी अस्तर उलटलं आणि त्यांचा हात थबकला. आत चक्क खिसा! टाके बाजारातल्या शिंप्याचे होते. खिशात एक चिठ्ठी होती. शिवायला देण्याआधी खिसे तपासायची सवय मंडळात कुणाला असणार? थोरल्यांनाही नव्हती.

'बाबा, या रविवारीही नेहमीच्याच हॉटेलात भेटू. पोरांना आणतो.' खाली सही थोरल्यांच्या मुलाची. मंडळ सोडलं म्हणून नऊ वर्षांपूर्वी भर सभेत त्यांनीच ज्याचं नाव टाकलं होतं, त्या मुलाची.

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. झगा काखोटीला मारून त्या तडक थोरल्यांच्या खोलीत शिरल्या आणि चिठ्ठी टेबलावर आपटली.

थोरल्यांचा चेहरा उतरला. मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "काकू, तुम्हाला नाही कळायचं. तो माझा मुलगा आहे हो."

"आणि माझी मुलगी काय शेजारणीची होती?"

काकूंनी झगाही चिठ्ठीवर टाकला आणि त्या निघाल्या.

काकूंना वाटलं होतं, बावीस वर्षं पाण्यात गेली म्हणून आपण धाय मोकलून रडू. पण फाटकाबाहेर पडल्यावर त्यांना हसूच आलं. केवढं हलकं वाटत होतं! सहा वर्षांची टोचणी होतीच, ती राहणारही होती. पण आता कुणाला भ्यायचं नव्हतं. बसची वाट बघण्याइतकाही धीर निघेना. तिन्ही स्टॉप त्या चालत गेल्या.

मुलीने दार उघडलं आणि बघतच राहिली. मग बाजूला झाली, आईला आत घेतलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

पाच वर्षांची नात कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. "तू माझी आजी ना? मग इतके दिवस का नाही आलीस?"

काकूंना थाप मारवेना. "मला वाटायचं, त्याला एका माणसाची परवानगी लागते."

"मग आज दिली त्याने?"

"आज मी विचारलंच नाही गं," काकू म्हणाल्या.