एक घर मोकळं होतं

बुद्धिबळाच्या हॉलमध्ये बोलायला बंदी. त्यामुळेच की काय, पंचाच्या पोटात किस्से साठत जातात. मी जळगाव-धुळ्याकडच्या मुलांच्या स्पर्धांना पंच असतो. तुम्ही खुशाल हसा, मला मात्र हल्ली पूर्वीसारखं हसू येत नाही.

*

वरणगावचे एक पालक दोरीपलीकडून सारखे खोकायचे. घोड्यासाठी एकदा, उंटासाठी दोनदा! मी त्यांना चहाला पिटाळलं. पोरगा जिंकला! पुढच्या फेरीला वडील स्वतःच हजर, "साहेब, जाऊ का चहाला?"

*

देवपूरचा चिन्मय, सात वर्षांचा. सोंगटी नुसती सरळ करायची तर आधी 'ॲडजस्ट' म्हणावं लागतं; त्याने न म्हणताच वजिराला हात लावला. हात लागला की तीच सोंगटी खेळायची, नियम! "सर, तो वाकडा उभा होता हो!" वजीर गेला, डाव गेला. संध्याकाळी मी त्याची टोपी सरळ करायला गेलो, तर मागे सरकला.

"आधी ॲडजस्ट म्हणा!"

पुढच्या वर्षी आलाच नाही. वाईट वाटलं.

*

एका आबांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. नातू हरून रडत बाहेर आला. आबांनी अहिराणीत विचारलं,

"राजा मरना का?"

"मरना, आबा."

"मंग चाल, जेवी ले!"

एवढा शहाणा पालक मी परत पाहिला नाही.

*

आणि दोंडाईच्याची सानिया. वय दहा. वडील टेलर, दुकान बंद ठेवून आलेले. शेवटची फेरी, जिंकेल तो राज्य स्पर्धेला. समोरच्या मुलाने शह दिला, "चेकमेट!" म्हणाला आणि ऐटीत हात पुढे केला. हात मिळवला म्हणजे हार मान्य; तिने बिचारीने मिळवला. डाव संपला.

मात झालीच नव्हती! राजाला एक घर मोकळं होतं. मी शेजारीच उभा होतो, पण चालू डावात पंचाने चाल सुचवायची नसते.

नंतर तिने पट पुन्हा मांडला, ते घर पाहिलं आणि माझ्याकडे आली.

"सर, तुम्हाला दिसलं होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलता येत नाही, बेटा."

वर्षभर ते घर माझ्या डोळ्यांपुढून हललं नाही.

यंदा पुन्हा शेवटची फेरी, समोर तोच मुलगा. या वेळी सानियाने मात केली. खरीखुरी! त्याने मान खाली घालून हात पुढे केला.

तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. त्याच्या राजाभोवतीचं एकेक घर एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग मान वर करून मला विचारलं,

"सर, आता बोलता येतं?"