हिरव्या कोटाची मापं

अल्टरवाल्या मावशींना माणसं नावानं आठवत नसत, मापानं आठवत. रस्त्यात कुणी हसून "ओळखलंत का?" म्हणालं, की त्या आधी त्याच्या खांद्यांकडे बघत, मग कमरेकडे, आणि म्हणत, "बेचाळीस-छत्तीस. पॅन्ट आखूड केली होती." माणूस ओशाळायचा, पण माप कधी चुकायचं नाही. गल्लीच्या टोकाला चार पायऱ्या उतरल्या की त्यांचं दुकान. दोन शिलाई मशीनं, एक उभा आरसा आणि धाकटी बहीण. ती काजं-बटणं करायची आणि मावशींना अक्का म्हणायची. दोघींना एकमेकींशिवाय कुणी नव्हतं, त्यामुळे दिवसभर भांडायचं तेही एकमेकींशीच.

मागच्या भिंतीला एक लोखंडी दांडी होती. लोक टाकून जातात आणि न्यायला विसरतात ते कपडे तिथे लटकत. सहा महिन्यांनंतर दुकान जबाबदार नाही, अशी पाटी मावशींनीच लिहिली होती, पण कपडा काढून टाकायची वेळ आली की त्यांचाच जीव वर-खाली व्हायचा. त्या दांडीवर वर्षभर एका बाईचा हिरवा लोकरी कोट होता. कसर लागू नये म्हणून एके दुपारी त्यांनी तो झटकला, तर आतल्या खिशातून एक काळी पट्टी पडली. मनगटावर बांधतात ती, पावलं आणि कॅलरी मोजणारी.

नेमकं त्याच आठवड्यात डॉक्टरांनी त्यांना वजनावरून झापलं होतं. गुडघे कामातून जातील म्हणाले होते.

"दुसऱ्याची आहे ती, अक्का," धाकटी म्हणाली.

"कोट न्यायला येईल तेव्हा देईन की परत. घातल्यानं काय झिजणार आहे?"

शेजारच्या मोबाइलवाल्यानं ती चार्ज करून दिली. आधीच्या बाईनं तिच्यात जे काही ठरवून ठेवलं होतं ते बदलायचं कसं हे दोघींनाही कळेना, मग तसंच राहिलं. रोज पाच वाजून दहा मिनिटांनी पट्टी थरथरायची: चला, फिरायला. चालत राहिलं की छोट्या काचेवरचं वर्तुळ भरत जायचं, आणि पूर्ण भरलं की एक तारा चमकायचा. मावशींच्या तीस वर्षांच्या धंद्यात गिऱ्हाईक तोंड उघडायचं ते शिलाई चुकली तरच. शाब्बास म्हणणारं कुणी भेटलंच नव्हतं. त्या ताऱ्यानं त्यांना पार खुळं केलं.

आठवडा नीट पार पडला की पट्टी आपणहून लक्ष्य वाढवायची. मावशी मग घास कमी करायच्या. मापांच्या वहीच्या शेवटच्या पानांवर त्या खाल्लेलं लिहू लागल्या. बिस्किटाचा पुडा हातात आला की आधी उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचायच्या आणि मग तो धाकटीकडे सरकवायच्या. दर सोमवारी स्वतःला टेप लावून माप टिपायच्या. गिऱ्हाइकं म्हणायची, मावशी, काय छान दिसताय, दहा वर्षांनी तरुण झालात.  धाकटीला मात्र अक्काच्या जेवणाच्या डब्यात तसाच परत आलेला ब्रेड दिसायचा.

एक गोष्ट मावशींनी धाकटीला सांगितली नाही. दुकानातून वर आल्यावर त्या जन्मभर उजवीकडे, बाजाराच्या बाजूला वळत आल्या होत्या. पट्टी बांधल्यापासून पाय डावीकडे वळायला लागले. पूल ओलांडून, चढावर, एका करड्या फाटकापर्यंत आणि परत. तेवढ्यात वर्तुळ बरोबर भरायचं, एक पाऊल इकडे नाही की तिकडे नाही. लक्ष्य वाढलं की फाटकापाशी दोन फेऱ्या जास्त होत, एवढंच. फाटकाआडच्या घरात, खिडकीशी एक म्हातारा बसलेला असायचा. रोज त्याच वेळी तो पडदा बाजूला सारून रस्त्याकडे बघायचा आणि मावशींना पाहून पुन्हा सोडायचा.

एका सोमवारी माप लिहिताना त्यांचा हात थांबला. अडतीस, चौतीस, मनगट सहा. हे आकडे आपण आधी कुठेतरी लिहिलेत, असं त्यांना वाटलं. वहीची पानं मागे मागे चाळत गेल्या, तर हिरव्या कोटाचं पान सापडलं. ती बाई चार वेळा कोट आतून दाबून, लहान करून घ्यायला आली होती. चारही मापं एकाखाली एक होती: चाळीस-छत्तीस, अडतीस-चौतीस, छत्तीस-एकतीस, तेहेतीस-सत्तावीस. चौथ्यांदा टाकलेला कोट न्यायला ती आलीच नाही. मावशींनी खांद्याचा आकडा ताडून पाहिला. साडेचौदा. स्वतःला टेप लावला. साडेचौदा. महिन्यापूर्वी त्यांचा खांदा साडेपंधरा होता, आणि खांदा हाडाचा असतो. तो कशानं कमी होणार?

 पट्टी काढून ड्रॉवरमध्ये टाकायची, इतकं सोपं होतं. पण पाच वाजून दहा मिनिटांनी ती थरथरली आणि त्या पायऱ्या चढून वर गेल्या. खरं सांगायचं तर त्यांना पुढचं माप बघायचं होतं.

तीन महिन्यांत छत्तीस-एकतीस झालं. केस कंगव्यात येऊ लागले. मशीनवर बसल्या बसल्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. धाकटीनं हात जोडले, रडली, दोन दिवस अबोला धरून पाहिला. "अक्का, तू गेलीस तर मी कुणाकडे बघायचं?" असं तिनं एकदा स्पष्टच विचारलं. मावशी म्हणाल्या, "उगाच काहीतरी बोलू नकोस." त्यांना सारखी थंडी वाजायची. आणखी दोन महिन्यांनी, एके दिवशी त्यांनी दांडीवरचा हिरवा कोट अंगावर चढवला आणि तसाच घालून फिरायला गेल्या. तो चौथ्या मापाला दाबलेला होता. बटणं लागली.

त्या दिवशी खिडकीतल्या म्हाताऱ्यानं पडदा सोडला नाही. तो उठून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पायऱ्या उतरून दुकानात आला. हातात पिवळी पडलेली पावती होती.

"माझ्या मुलीचा कोट," तो म्हणाला. "पावती तिच्या पुस्तकात होती. यायचा धीर होत नव्हता. काल तुम्ही घालून गेलात, तेव्हा वाटलं..."

मावशींनी स्टूल पुढे केलं. "कशानं गेली?"

"आजार असा काहीच नव्हता. रोज चालायची. पुलावरून, घरापर्यंत. जेवायची कमी. आम्ही सगळे म्हणायचो, किती छान दिसतेस." त्यानं पावतीची घडी घातली, उलगडली. "मीच सगळ्यात जास्त म्हणायचो."

धाकटीच्या हातातली सुई थांबली होती.

"हा सैल होईल का?" म्हाताऱ्यानं विचारलं. "पहिल्यांदा घेतला होता तेवढा? घरात कोट असावा असं वाटतं. पण त्या मापाचा."

"होईल," मावशी म्हणाल्या. "मी कापड कापत नाही. आत ठेवते."

त्या उसवायला बसल्या. एकाआड एक चार शिलाया, सगळ्या त्यांच्याच हातच्या. प्रत्येक शिलाई निघाली की आत दुमडलेलं कापड बाहेर येई, बाहेरच्यापेक्षा गडद हिरवं, कधी ऊन न लागलेलं. तास-दीड तास गेला. काम झाल्यावर, कोट कसा पडतो ते बघायला, त्यांनी तो अंगात घातला आणि आरशासमोर उभ्या राहिल्या. खुंटीला अडकवल्यासारखा तो त्यांच्या खांद्यांवरून लोंबत होता. आत केवढी तरी जागा रिकामी होती. त्यांनी त्या जागेकडे पाहिलं आणि आरशातच त्यांना धाकटीचं तोंड दिसलं.

"हो," म्हातारा म्हणाला. "एवढी होती."

तेवढ्यात पट्टी थरथरली. पाच वाजून दहा मिनिटं. मावशींनी ती सोडून त्याच्यापुढे धरली. "हीसुद्धा तिचीच. खिशात होती."

त्यानं हात मागे घेतला. "ती नको मला," म्हणाला, आणि कोट छातीशी धरून पायऱ्या चढून गेला.

पट्टी धाकटीनं कात्रीनं कापली, वीट घेऊन ठेचली आणि पुलावरून पाण्यात फेकून दिली. त्या संध्याकाळी मावशींनी ब्रेडचे दोन तुकडे खाल्ले. तासभर लागला, पण धाकटी समोरून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी पाच वाजून दहा मिनिटांनी मावशींचं मशीन एकदम थांबलं. धाकटीनं वर पाहिलं. अक्का मोकळ्या मनगटाकडे बघत होत्या, आणि मशीनखाली त्यांचे पाय डावीकडे वळले होते.

"धाकटे," त्या म्हणाल्या, "इकडे ये. माझा हात धर."

धाकटीनं दोन्ही हातांनी ते मनगट घट्ट आवळून धरलं. तिथे काहीच नव्हतं, पट्टीचा पांढुरका वण तेवढा. आणि तिच्या बोटांखाली, अगदी स्पष्ट, काहीतरी थरथरत होतं. साडेपाच वाजून गेले तरी तिनं हात सोडला नाही.