पिवळ्या ठिपक्याचा बूस्टर

लालबागमधल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानदाराचे उपकार आधी सांगतो, घटनेकडे मग येतो. तो माणूस पुढे आला नसता तर एक निरपराध ड्रायव्हर आत गेला असता, आणि त्या कागदांवर माझीही सही असती. निवृत्त झालो तरी करी रोडच्या पुलाचा तो उतार डोळ्यांसमोरून हलत नाही.

सळ्या भरलेला ट्रक उतारावर सुटला आणि खाली फुलं विकणाऱ्या बाईंच्या अंगावर गेला. बाई जागीच गेल्या. आम्ही पोचलो तेव्हा लोक ड्रायव्हरला मारत होते. पंचनामा चालू असताना बाईंची मुलगी आली. ती रडली नाही. रस्त्यावर पसरलेली शेवंती गोळा करत बसली.

ड्रायव्हर वाशिमकडचा. मीही शाळा अर्धवट सोडून तिकडूनच मुंबईत आलो, शिपाई म्हणून लागलो आणि सहायक फौजदार होऊन बाहेर पडलो. या शहरात आपलं कोणी नसणं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. पण गाववाला म्हणून कोणावर विश्वास टाकायचा नाही, हेही नोकरीनंच शिकवलं होतं.

"दाबला जी म्या पाय. पुरा दाबला. गाडीनं ऐकलंच नाही," एवढंच तो म्हणत होता.

आरटीओच्या निरीक्षकांनी ट्रक तपासला. मागच्या चाकाजवळचा बूस्टर, म्हणजे हवेच्या दाबानं ब्रेक लावणारा डबा, निकामी होता. आतला रबरी पडदा फाटलेला. ट्रकमालकाला बोलावलं.

"मागच्याच महिन्यात बदललाय, साहेब. नवा, कंपनीचा. हाच पिऊन चालवत असणार."

वैद्यकीय तपासणीत दारू निघाली नव्हती. तसं सांगितलं, तर मालक म्हणाला, "मग झोपला असेल."

दुसऱ्या दिवशी तो दुकानदार ठाण्यात आला. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर नुसताच उभा राहिला. असा माणूस तक्रार घेऊन येत नाही, ओझं घेऊन येतो. मी त्याला बाजूला बसवून चहा दिला.

"तो बूस्टर तुमच्याकडे जमा आहे ना? बोल्टजवळचा रंग खरवडून बघा. खाली पिवळा ठिपका असेल. कालपासून माका झोप नाय, साहेब."

मग त्यानं सांगितलं. त्याच्याकडे माल तीन प्रकारचा. कंपनीचा नवा, दुसऱ्या कारखान्यात बनलेला नवा, आणि भंगारातल्या गाडीचा काढलेला जुना. "आरसा, दरवाजाचं हँडल खुशाल जुनं घ्या. दुसऱ्या कारखान्याचा नवाही सगळाच वाईट नसतो, पारखून घ्यावा लागतो. पण ब्रेकचं काम जुन्यावर नको." जुना माल नव्याच्या खोक्यात घालून कोणी परत आणू नये, म्हणून तो विकतानाच त्यावर पिवळा ठिपका द्यायचा.

उपनिरीक्षक साहेबांच्या परवानगीनं पंचांसमक्ष मुद्देमाल उघडला. वरचा काळा रंग ताजा. तो खरवडला, तर पिवळा ठिपका. त्याखाली निळा, कुठल्या तरी दुसऱ्याच ट्रकचा.

मालकाला ठिपका दाखवला. तो ड्रायव्हरकडे बोट करून म्हणाला, "म्हणजे यानं जुना आणून बसवला. मी नव्याचे पैसे दिले होते, मधले यानं खाल्ले."

ड्रायव्हरनं मान खाली घातली. खोटा आळ आला की माणूस ओरडतोच असं नाही. ज्याच्या बाजूनं कोणी नसतं तो मान खाली घालतो, आणि आम्ही पोलीस त्यालाच कबुली समजतो. साहेबांनाही तसंच वाटलं. माझा धीर सुटायला लागला होता.

मी दुकानात गेलो. ठिपक्याबद्दल बोलला होता, पण बूस्टर नेला कोणी, ते दुकानदारानं सांगितलं नव्हतं. जबाबाचं नाव काढताच तो म्हणाला, "गिऱ्हाइकाची गोष्ट ठाण्यात सांगणाऱ्याकडे परत कोण येईल?"

"मालक म्हणतोय, जुना ड्रायव्हरनं घेतला," मी एवढंच सांगितलं.

त्यानं हातातलं फडकं ठेवलं. "तो? तो तर म्हणत होता, 'शेठ, नवा घ्या, पुलावरून माल न्यायचा असतो.' मालक म्हणाला, 'तुझा बाप देणार काय?' मला सांगितलं, गाडी नुसती आवारात फिरवायचीय." थांबून म्हणाला, "दोघांचंही ऐकलं, आणि तरी विकला. जबाबात हेही लिहा."

शटर ओढून तो माझ्याबरोबर निघाला.

ठाण्यात दोघांना समोरासमोर बसवलं. मालक म्हणाला, "अरे, किती वर्षांचं गिऱ्हाईक आहे मी तुझं."

"होतास," दुकानदार म्हणाला.

मालकानं पाणी मागितलं. त्यानंतर तो खरं बोलला. गुन्हा त्याच्यावर लागला, ड्रायव्हर साक्षीदार झाला. सुटल्यावर तो वाशिमला गेला, पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही म्हणतात. बाईंची मुलगी त्याच जागी फुलं विकते, उताराकडे तोंड करून. दुकानदाराची चौकशी आम्हीही केली आणि कोर्टानंही. गाडीवाल्यांनी त्याच्याकडे येणं सोडलं. दुकान विकून तो मालवणला गेला.

कुठला भाग घ्यावा, हे ठरवताना माणूस किंमत बघतो. तो भाग निकामी झाला तर खाली कोण बसलं असेल, हे कोणी बघत नाही. या प्रकरणानं मला तेवढं शिकवलं.

दुकानदाराला निरोप द्यायला गेलो तेव्हा विचारलं, "तुमच्यासाठी काय करू?" तो म्हणाला, "कधी माझ्या बाजूनं खरं सांगायला माणूस लागला, तर या."

अजून बोलावणं आलेलं नाही. ज्या दिवशी येईल त्या दिवशी मी मालवणला निघेन, आणि जे पाहिलं ते सगळं सांगेन.