माशांचा शनिवार

खाद्यकंपनीने आतडेबाईंना फसवलं. यात आडून सांगण्यासारखं काही नाही. कंपनीने त्यांचं नाव घेतलं, फोटो घेतला, मासे वाढवायची त्यांची रीत घेतली आणि त्या रीतीतली एक ओळ काढून टाकली. त्या ओळीपायी तळीच्या तळी मेली आणि दोष बाईंच्या माथी आला. आज बाई नाहीत. पोतं आहे. पोत्यावर बाई अजून हसताहेत.

आतडेबाई हे नाव मी त्यांना ठेवलेलं. मासा हातात आला की लोक डोळा बघतात, कल्ला उचलून बघतात. बाई थेट पोटात शिरायच्या. वाकडच्या रस्त्याला माझं जिवंत माशांचं दुकान होतं. हिंजवडीत कंपन्या आल्या, त्यांच्याबरोबर बंगाली, ओडिया, तेलुगू पोरं आली आणि त्यांना सुरमई नको होती, कटला-रोहू हवा होता, तोही डोळ्यांदेखत उड्या मारणारा. मी मंडईत पाट्या उचलून वर आलेला माणूस; कोणाला काय हवंय ते मला लवकर कळतं. वाघोलीकडच्या बंद पडलेल्या खडीच्या खाणींत पाणी साठलं होतं. त्या भाड्याने घेतल्या आणि मासे सोडले.

एके दिवशी दुकानात एक ठेंगण्या, चष्मेवाल्या बाई आल्या. कटला मागितला आणि सांगितला तो भाव मुकाट्याने दिला. भाव न करणाऱ्या गिऱ्हाइकाची मला भीती वाटते. कापणाऱ्याला म्हणाल्या, "आतडं फेकू नका, मला द्या." मग दुकानाच्या दारात उभं राहून त्यांनी ते उजेडात धरलं, अंगठ्याने दाबलं, वास घेतला.

"शेठ, तुमचा मासा आजारी नाही. पण आजारी पडायच्या बेतात आहे."

माझं डोकं भडकलं. मागे गिऱ्हाइकांची रांग. "अहो बाई, मासा घेतलात ना? मग निघा. दवाखाना पुढच्या चौकात आहे."

"घेतला, पैसेही दिले. आता मी माझ्या माशाबद्दल बोलते आहे जी. तुमच्या नाही."

सौद्यात मला गप्प करणारी माणसं फार भेटलेली नाहीत. त्यानंतर थोड्याच दिवसांत एका खाणीत फुगलेल्या पोटाचे, अंगावर लाल चट्टे पडलेले मासे तरंगू लागले. मी बाईंचा पत्ता शोधत येरवड्याला गेलो. तळमजल्यावरचं घर, दाराशी दोन पायऱ्या, आत भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. मला बघून त्या म्हणाल्या, "जय भीम. किती मेले?" या, बसा वगैरे नंतर.

बाई भंडाऱ्याच्या, म्हणजे तलावांच्या मुलखातल्या. सरकारी मत्स्यखात्यातून निवृत्त होऊन पुण्यात मुलीकडे आलेल्या. बोलणं पुस्तकी, पण राग आला की त्यात 'काहून' यायचं. "आजार पाण्यात असतोच," त्या सांगायच्या. "तो आत शिरतो कुठून? आतड्यातून. आतडं धड असेल तर आजार दारातून परत जातो." त्यांनी माझं महागडं औषध बंद करायला लावलं. त्याऐवजी कोंडा, शेंगपेंड, गूळ आणि ताक एकत्र करून पिंपात झाकून ठेवायचं, आंबूस वास सुटला की थोडं रोजच्या खाद्यात मिसळायचं. याला त्या माशांचं विरजण म्हणत. "तुमच्या पोटाला ताक लागतं, मग त्यांनीच काय पाप केलंय?"

आणि आठवड्यातून एक दिवस माशांना काहीही घालायचं नाही. आतडं रिकामं होऊ द्यायचं. आभाळ भरून आलं तरी हात आखडायचा, कारण त्या दिवसांत मासा नीट खात नाही. न खाल्लेलं तळाशी सडतं, पाणी नासतं आणि तुंबलेल्या आतड्यात आजार घर करतो. मी वाद घातला. उपाशी मासा वजन कसं धरणार? आम्ही वजनावर विकतो! बाईंनी विचारलं, "तुम्ही कोणता वार धरता?"

"शनिवार. मारुतीचा."

"मग मासेही शनिवार धरतील. तुम्ही उपाशी असाल, म्हणजे विसरणार नाही. तुमच्या देवाला मी मानत नाही जी, पण तुमच्या शनिवारावर माझा विश्वास आहे."

पुढच्या उन्हाळ्यात आसपासच्या खाणी मेल्या, माझी जगली. ते बघायला लोक येऊ लागले. त्यांत एक टायवाला साहेब होता. परदेशी कंपन्या नुकत्याच इथे हातपाय पसरत होत्या आणि त्यांच्याशी टक्कर द्यायला याच्या खाद्यकंपनीला नवं काहीतरी हवं होतं. पिंपाचा वास घेऊन तो म्हणाला, "मॅडम, हे पोत्यात भरून महाराष्ट्रभर पोचवू. तुमच्या नावाने."

मी बाईंना बाजूला घेतलं. "सही करण्याआधी कागद मला दाखवा. ही माणसं गोड बोलतात."

"तुम्ही देवळातसुद्धा घासाघीस करत असाल."

"म्हणूनच अजून उभा आहे. तुम्ही काय मागितलंत?"

"एकच. शनिवारची ओळ पोत्यावर ठळक छापायची."

"बास?"

"बास. साहेब म्हणाले, शंभर टक्के."

शंभर टक्के म्हणणाऱ्याला मी कधी उधारीवर कोळंबीसुद्धा दिलेली नाही. पण बाईंचा माणसांवरचा विश्वास आतड्यावरच्या विश्वासाइतकाच पक्का होता, आणि माणसाचं आतडं उजेडात धरून बघता येत नाही.

पोती निघाली. निळ्या रंगाची, वर हसऱ्या बाई. मी माझं पिंप सोडलं नाही, त्यामुळे माझ्याकडे ते पोतं कधी आलं नाही. बाईंना नमुन्याला आलेल्या पोत्यावर ओळ होती. नंतरच्या पोत्यांकडे आमच्यापैकी कुणी निरखून पाहिलं नाही. श्रावणात सलग आभाळ भरलेलं होतं, तेव्हा एका सकाळी मी बाईंकडे बसलो होतो. बाहेर टेम्पो थांबला. शिरूर-दौंडकडची माणसं उतरली, टोपल्या उचलल्या आणि बाईंच्या पायरीवर मेलेले मासे ओतले. वासाने शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

"बाई, भाईर या! तुमचंच नाव हाय ना ह्या पोत्यावर? बघा काय केलंया तुमच्या नावानं!"

मी उठलो, कोणाची तरी कॉलर माझ्या हातात आली. बाईंनी मला मागे ओढलं. "शेठ, बसा. यांचे मासे मेलेत, तुमचे नाही."

त्या माशांच्या ढिगाशेजारी पायरीवर बसल्या आणि त्यांनी सुरी मागवली. ओरडा चालूच होता. कोणी म्हणालं, "आता कापून काय मटण करणार हाय का?" बाईंनी एक पोट उघडलं. आतडं फुटायला आलेलं, खाद्याने ठासून भरलेलं. दुसरं उघडलं. तेच. तिसऱ्याला त्यांचा हात थांबला.

"शनिवारी काय घातलंत?"

"काय म्हंजे? खाद्यच की. रोज तीन टाइम. पोत्यावर लिव्हलंय तसं."

"काहून? उपासाचा दिवस नाही धरला?"

 त्या माणसांतल्या एका म्हाताऱ्याने टेम्पोतून रिकामं पोतं आणलं. बाईंनी चष्मा पदराला पुसला आणि पोतं पुढून वाचलं, मागून वाचलं, मग पुन्हा पुढून. शनिवारची ओळ नव्हती. ती होती तिथे कंपनीचा फोन नंबर होता. बाईंचा चेहरा मी कधी तसा पाहिलेला नव्हता. पोतं खाली ठेवून त्या एवढंच म्हणाल्या, "नाव माझं आहे. रीत माझी नाही."  म्हातारा कोणी न सांगता खाली वाकून मासे परत टोपलीत भरू लागला. बाकीचे मात्र शिव्या देत गेले आणि ज्याला त्याला सांगत सुटले, की येरवड्याच्या बाईने तळी मारली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना कंपनीच्या ऑफिसात घेऊन गेलो. साहेबांनी चहा मागवला. बाईंनी कपाला हात लावला नाही.

"ओळ कोणी काढली?"

साहेब हसला. "मॅडम, आठवड्यातून एक दिवस पोतं उघडू नका, असं पोत्यावरच छापायचं? धंदा कसा होणार?"

"मग माझं नाव काढा."

"करार आहे, मॅडम. नाव आता कंपनीचं आहे."

मी टेबलावर हात आपटला, तसा कप पडला आणि रखवालदार आत आला. बाई शांतपणे उठल्या. जिन्यात म्हणाल्या, "शेठ, तुमच्याकडे काळा रंग आहे का?"

त्यानंतर जोवर त्यांच्या पायांत बळ होतं, तोवर आम्ही माझ्या टेम्पोतून खाद्याच्या दुकानांतून फिरलो. बाई दुकानदाराची परवानगी मागायच्या, आणि मिळाली तर प्रत्येक पोत्यावरच्या आपल्या नावावर ब्रशने काळी रेघ ओढून खाली हाताने लिहायच्या : 'शनिवारी माशांना काही घालू नका.' काही दुकानदारांनी हाकललं. एकाने विचारलं, "आजी, स्वतःच्याच तोंडाला काळं फासताय?" बाई म्हणाल्या, "फासलं दुसऱ्याने. मी फक्त वर ओळ लिहिते आहे." त्या वेळी मला हसू आलं होतं. आता येत नाही.

शेवटच्या दुखण्यात त्या अंथरुणावर होत्या. मी भेटायला गेलो तो वार शनिवार होता. बोलणं जड झालेलं, तरी विचारलं, "आज घातलं नाही ना?" मी नाही म्हणालो. त्यांनी मान हलवली. माझ्याशी त्यांचं शेवटचं बोलणं ते.

माझ्या खाणींवर अजून शनिवारी कोणी मूठ टाकत नाही. नवा नोकर आला की त्याला पगाराआधी ते सांगतो.

परवा तोच साहेब माझ्या दुकानात आला. केस पिकलेत, हुद्दा वाढलाय. म्हणाला, आमचा माल ठेवा, तुम्ही म्हणाल ती सूट. मी म्हणालो, माझा भाव एकच आहे. ती ओळ कोणी काढली ते सांगा आणि पोत्यावर परत छापा. तो म्हणाला, "जुनी गोष्ट आहे, शेठ. सोडून द्या." मला शेठ म्हणायचा हक्क एका माणसाचा होता. मी त्याला दुकानातून खाली उतरवलं.

साहेब, हे वाचाल तेव्हा बाजूला ठेवू नका. ज्या पायरीवर त्या मासे कापत बसल्या, ती येरवड्याला अजून आहे. ज्यांची तळी मेली त्यांना मी तिथे बोलावतो. त्यांतला म्हातारा गेला, पण त्याचा मुलगा येईल. त्यांच्यासमोर उभे राहा आणि ओळ कोणाच्या हाताने काढली त्याचं नाव सांगा. तुमचाच हात असेल तर तोच वर करा. शनिवारी या. त्या दिवशी माझ्याकडे मासेसुद्धा उपाशी असतात, तेव्हा चहाची अपेक्षा ठेवू नका. उत्तर घेऊन या.