पिल्लं निघू दे

अंडं हातात आलं की काका ते आधी मिटलेल्या डोळ्याला लावायचे. पापणीला चटका बसला तर ऊब जास्त, गार लागलं तर कमी. उबवायच्या अंड्यांपुरतं हे ठीक होतं, पण हात सवयीचा गुलाम. कोपऱ्यावरच्या दुकानात ऑम्लेटसाठी अंडी घेतानाही ते एकेक डोळ्याला लावून बघत, आणि दुकानदार म्हणे, "काका, तळायची आहेत. जन्माला नाही घालायची."

काका म्हणजे आमचे घरमालक. घणसोली गावात त्यांच्या तीन मजली घरात आम्ही काही वर्षं भाड्याने होतो. असे घरमालक तुम्हीही पाहिले असतील. शेती गेली, खोल्या आल्या, पण सकाळी उठून करायचं काय हा प्रश्न काही सुटत नाही. काकांनी तो गच्चीवर सोडवला होता. तिथे गावठी कोंबड्या होत्या, एक तोऱ्यात हिंडणारा कोंबडा होता, आणि पत्र्याखाली काकांचं मशीन होतं. त्यांच्या मुलीने ऑनलाइन मागवून दिलेला उबवणीचा पेटारा, आत एक छोटा पंखा, बाहेर हिरवे आकडे.

काकींना मशीन बघवत नसे. त्यांची पद्धत जुनी. एखादी कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी देणं थांबवून पिसं फुगवून हटून बसली, की पाटीत पेंढा घालून तिच्याखाली अंडी सरकवायची. "मशीनला माया हाय का?" त्या विचारायच्या. काका आकड्यांवरची नजर न हलवता म्हणायचे, "माया नाय लागत गो. ऊब लागते." मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले की हा संवाद हमखास कानावर पडायचा. पण मशीनमधली पिल्लं बाहेर आली की काका निमूट काकींकडे बघत. कारण मशीनला ऊब असली तरी पंख नव्हते. मग काकी दिवेलागणीला ती पिल्लं ओच्यात घेऊन खुडूक कोंबडीच्या पोटाखाली ढकलून द्यायच्या. सकाळी कोंबडी सगळ्यांना आपलीच समजून हिंडवायची.

पाटीत अंड्यांबरोबर काकी एक लोखंडी खिळा आणि कोळसा ठेवत. ढग गडगडले की अंडी बिघडतात, लोखंड असलं की नाही, असा त्यांचा हिशेब. काका यावर मनसोक्त हसत. एका संध्याकाळी भयंकर गडगडाट झाला आणि गच्चीवरून खडखड ऐकू आली. वर जाऊन बघते तो काका मशीन उघडून बसलेले आणि काकी बॅटरी धरून हसून हसून वाकलेल्या. काकांनी गुपचूप खिळा आत ठेवला होता, तो घसरून पंख्यात अडकला होता. "आता मशीनलापन खिला लागला?" "गप बस. बॅटरी सरल धर."

आणि मग एका सकाळी भाजी निवडता निवडता काकी आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत.

काका स्मशानातून आले, आंघोळ केली आणि ओल्या पंच्यानेच गच्चीवर गेले. खाली बायका कुजबुजल्या, "एकटा रडायला गेला असंल." मी चहा घेऊन गेले, तर काका अंडी फिरवत होते. प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलची फुली होती. ऊब सगळीकडून लागावी म्हणून ते एकेकाची फुली खाली करत होते.

मला रागच आला. आमच्या साताऱ्याकडे पुरुष मोठ्याने रडतात, निदान भिंतीला टेकून तरी बसतात. खाली मुलीचा आक्रोश चालला होता, आणि हे फुल्या करत बसलेत! काकांनी चहा घेतला आणि मी न विचारताच म्हणाले, "सगली रडतात, मना येतच नाय. पायाला मुंग्या येतात ना, तसा सगला आंग झालाय." माझा राग तिथेच विरला.

सुतक फिटल्यावर त्यांच्यात भावकीला तिखटाचं जेवण घालतात. चुलत भावाने विचारलं, "वरचा कोंबरा घेऊ?" काकांनी मान डोलावली. कशाला डोलावली हे त्यांना कळलं असेल असं मला वाटत नाही. गच्चीवरचा एकुलता एक कोंबडा त्या दुपारी पानात आला, आणि काका त्यातले दोन घास जेवलेही.

मुलगी सीवूड्सला राहते. तिने तेव्हाच सांगितलं, "बाबा, इथे एकटे नका राहू. माझ्याकडे चला." फ्लॅटमध्ये त्यांच्यासाठी खोलीही रिकामी करून ठेवली होती. काकांना घर सोडायचं नव्हतं, पण लेकीला नाही म्हणायचं त्राणही नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "पिलां निंगू दे, मंग येतो."

पिल्लं निघाली. काकींनी बसवलेल्या कोंबडीखालची निघाली, मशीनमधलीही निघाली. दिवेलागणीला काका मशीनमधली पिल्लं टॉवेलात घेऊन कोंबडीपाशी बसले. हे काम त्यांनी कधी केलं नव्हतं. कोंबडी काकींच्या हाताला सरावलेली, म्हणून त्यांनी काकींचं जुनं पातळ हाताला गुंडाळलं. समोरच्या टॉवरच्या बाल्कनीतून कुणी पाहिलं असतं तर म्हाताऱ्याला वेड लागलं म्हणालं असतं. कोंबडी काही फसली नाही. तिने पातळाबाहेर राहिलेल्या बोटांवर चोची मारल्या. काका हात मागे न घेता एकेक पिल्लू आत सारत राहिले. हात बाहेर आला तेव्हा रक्त निघत होतं. "काका, लागलंय!" मी म्हटलं. त्यांनी बोटांकडे दुसऱ्या कुणाची असावीत तसं पाहिलं. "हां, लागलाय."

सकाळी कोंबडी सगळ्या पिल्लांना घेऊन गच्चीभर फिरत होती.

महिनाभराने मुलीचा फोन आला. पिल्लं आणि कोंबड्या तळवलीच्या नातेवाइकांकडे द्यायच्या, पुढच्या रविवारी बाबांना न्यायला यायचं, असं ठरलं. त्याच दुपारी काका मशीनमध्ये नवी अंडी मांडताना दिसले. मला राहवलं नाही. "काका, कोंबडा गेला त्याला किती दिवस झाले. ह्या अंड्यांतून काय निघणार?"

"म्हाईत हाय मना," ते म्हणाले आणि झाकण लावलं.

रविवारी मुलगी आली, ती सरळ गच्चीवर. मी दोरीपाशी होते. काका मशीनशेजारी बसलेले. "बाबा, बॅग भरली का?"

"पुढची घातलीत मशीनमदी. ती निंगू दे, मंग येतो."

तिने झाकण उघडलं, एक अंडं घेतलं आणि मोबाइलचा टॉर्च त्याला टेकवला. काकींच्या हाताखाली वाढलेली पोरगी ती. जीव धरलेल्या अंड्यात तांबड्या रेषांचं जाळं दिसतं. हे नुसतं पिवळं, स्वच्छ होतं. तिने दुसरं पाहिलं, मग तिसरं. मी ओला शर्ट हातात धरून तशीच उभी. आता ही बोलणार, आणि काकांना उठून खाली जावं लागणार.

काकांनी खालमानेनेच विचारलं, "दिसतंय काय?"

तिने हातातलं अंडं फुली खाली करून परत ठेवलं. सीवूड्सला गेल्यापासून तिच्या तोंडून गावची बोली मी कधी ऐकली नव्हती.

"दिसतंय ना बाबा," ती म्हणाली. "निंगतील पिलां. निंगू दे. मंग बघू."

काकांच्या घशातून आवाज आला. मला आधी तो खोकलाच वाटला. पण तो थांबेना, वाढतच गेला, तेव्हा मुलीने हळूच झाकण लावलं आणि ती त्यांच्या शेजारी खाली बसली.