उरलेलं तेल

अंथरुणाला खिळलेल्या आईच्या पायांना मी रोज दुपारी कोमट तिळाचं तेल लावते. चालणं थांबल्यापासून तिच्या टाचा तान्ह्या बाळासारख्या मऊ झाल्यात. आज सहज माझ्याच टाचांकडे लक्ष गेलं. त्यांच्या भेगांत साडीचा काठ अडकत होता. हाताला उरलेलं तेल एरवी मी फडक्याला पुसते. आज तेच टाचेवर फिरवलं, तर देवाआधी नैवेद्य चाखला असं वाटून मन खाऊ लागलं. दुसऱ्याचं करता करता स्वतःचं अंग इतकं परकं कधी होतं, कोण जाणे.

आईचे डोळे मिटलेले होते. तरी म्हणाली, "चोरून काय लावतेस गं? वाटी घे, नीट बसून लाव."

मी बसले. तेल लावलंही. पण तिच्याकडे पाठ करूनच.