बसता न येणारे फिर्यादी

त्या प्रकरणाची आठवण निघाली, की आजही मी खुर्चीवर जरा जपून बसतो. तेव्हा गोंदिया वेगळा जिल्हा नव्हता, सगळा कारभार भंडाऱ्याहून चाले. तिरोड्याच्या बाजूला एका लहानशा ठाण्यात मी ठाणेदार होतो. वय तिशीच्या आत आणि राग नाकाच्या शेंड्यावर. माझ्या हाताखालचा जमादार त्याच भागातल्या धानशेतीच्या घरातला, माझ्याहून दुप्पट वयाचा आणि चौपट शांत.

खबर एका पानठेलेवाल्याने आणली. गावातला डॉक्टर सुईच्या औषधात तांदळाचे पीठ भरतो, म्हणून लोकांना गाठी येतात, असे तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ शेतकरी ठाण्यात हजर झाले. मी बाक दाखवला, तर एकही बसेना.

"बसाले नाही जमत जी," त्यांतला म्हातारा म्हणाला. "सुई घेतली थंडीतापाची अन् महिन्याभरानं गाठ आली. गाठीवर दाखवाले गेलो, त त्यानं अजून सुया देल्या. आता दोन्ही बाजूनं गाठी हायेत."

नऊच्या नऊ जबाब उभ्याने झाले. रोजनाम्यात मी तसे लिहिलेही. वाचणाऱ्यांना वाटले असेल, की ठाणेदार भारी कडक आहे, फिर्यादींनाही बसू देत नाही. खरी गोष्ट अशी, की मीही उभाच होतो. तीन-चार महिन्यांपूर्वी सर्दीतापाची एक सुई त्याच डॉक्टरकडून मीही घेतली होती आणि माझ्याही डाव्या बाजूला लिंबाएवढी गाठ ठणकत होती. पण ठाणेदाराने गावाला असले दुखणे सांगायचे असते का? मी हात मागे बांधून फेऱ्या मारत तपास करू लागलो. जमादार सारे समजून होता, पण त्याने एकदाही खुर्ची पुढे केली नाही. त्याचे ते उपकार मी विसरलेलो नाही.

माझा तर्क सरळ होता. डॉक्टर गाठीवर पेन्सिलीन देतो, स्ट्रेप्टोमायसीन देतो, आणि गाठ जागची हलत नाही. क्षयाच्या रोग्याला उठवून बसवणारे औषध साध्या गाठीपुढे हात टेकते, म्हणजे बाटलीत औषधच नाही. दवाखान्याची झडती घेतली, बाटल्या सीलबंद केल्या, डॉक्टरला अटक केली आणि मॅजिस्ट्रेटकडून कोठडी मिळवली.

डॉक्टर पन्नाशीचा, एकटा, मवाळ माणूस. दोन दिवस मी त्याला दरडावून विचारले. तो एकच सांगे, औषध अस्सल आहे, सुई मी प्रत्येक वेळी उकळतो, देवाशपथ. गाठी का येतात, हे त्यालाही कळत नव्हते. कोठडीत तो धड जेवत नव्हता. बाहेर लोक दवाखान्याला आग लावायची भाषा करू लागले होते. गुन्हा शाबीत झाला असता, तर तुरुंग होताच आणि पुन्हा सुई हाती धरायची सोय उरली नसती.

मुद्देमाल घेऊन मी स्वतः नागपूरला गेलो. गाडीत जागा होती, पण मी उभ्याने गेलो. समोरच्या मारवाडी गृहस्थांनी "बैठिये ना साहब" असे इतक्यांदा म्हटले, की शेवटी मी डबाच बदलला. प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंनीही आधी बसायलाच सांगितले. मी नको म्हणताच त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "नमुना बाटलीत आहे की तुमच्याजवळ?" त्यांनी विचारले. लाज गिळून मी पू काढू दिला.

आठवड्याने बाईंनी पुन्हा बोलावले. बाटल्यांतले औषध शंभर टक्के खरे निघाले होते. माझ्या पुवात मात्र क्षयाच्या जंतूंचे चुलतभाऊ सापडले होते. क्षयाचे जंतू कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवायला ठेवले की, उगवायला महिना घेतात, हे पठ्ठे चार दिवसांत उगवले. बाईंनी त्यांच्यावर पेन्सिलीन घालून पाहिले, स्ट्रेप्टोमायसीन घालून पाहिले, तरी त्यांची वाढ थांबली नाही. "यांना चीरच द्यावी लागते, आणि बरे व्हायला वेळ लागतो," त्या म्हणाल्या. "हे मातीत आणि पाण्यात राहतात. तुमच्या डॉक्टरच्या पाण्याकडे बघा."

परत येऊन मी डॉक्टरला कोठडीतून काढले, दवाखान्यात नेले आणि पंचांसमक्ष सुई द्यायची सारी तयारी करायला सांगितली. त्याने सुई आणि पिचकारी वीस मिनिटे उकळली. मग अगदी सवयीने चिमट्याने उचलली आणि कोपऱ्यातल्या मडक्यात बुडवली. पिचकारीत ते गार पाणी दोनदा ओढून सोडले.

"हे कायले?" जमादाराने विचारले.

"सुई गार व्हायला. गरम सुईला लोक ओरडतात."

दोन्ही पंचांनी माना डोलावल्या. म्हणूनच तर हल्ली लोक याच डॉक्टरकडे येत. मडके विहिरीच्या पाण्याचे होते, पावसाळ्यापासून घासलेले नव्हते, कमी झाले की वरून भर घातली जाई. चोर मडक्यात बसला होता आणि मी बाटल्या पकडल्या होत्या.

ही पद्धत कोणी शिकवली, असे मी दरडावले. डॉक्टरने एकदा पंचांकडे पाहिले आणि चिमटा पुसायला घेतला. मी त्याला आतल्या खोलीत नेले.

"साहेब, आपणच," तो खाली बघत म्हणाला. "आपण सुई घ्यायला आलात तेव्हा ओरडलात, की मला भाजून मारतोस काय, आधी गार कर. मी घाबरून मडक्यात बुडवली. आपल्याला बरे वाटले. मग मी सगळ्यांनाच तसे करू लागलो."

हे पंचांसमोर का नाही बोललास, असे मी विचारले, तर तो म्हणाला, "आपल्याच ठाण्यात आपला जबाब कोण लिहिणार, साहेब?"

त्या माणसाला मी अर्धपोटी कोठडीत ठेवले होते, आणि तो माझी अब्रू राखत होता. मला फार शरम वाटली. पुढे कितीतरी तपास केले, पण संशयितांची यादी करताना पहिली ओळ मी कायम कोरी सोडत आलो. आपण स्वतः त्या जागेवर कधी गेलो होतो का, हे आधी आठवायचे, मग दुसऱ्याचे नाव लिहायचे.

मी बाहेर आलो. पंच थांबलेच होते. जमादाराला म्हणालो, डॉक्टर निर्दोष आहे, आणि कागद घे, माझा जबाब लिहायचा आहे.

त्याने दौत उघडली, टाक बुडवला आणि चेहऱ्यावरची एक सुरकुती न हलवता विचारले, "बसून देता का उभ्यानं, जी?"